शब्दचर्चा : ‘रिक्वेस्ट आयडी’ला काय म्हणावं? ‘ओळखक्रमांक’ नको, एवढं नक्की

तापीकाठ (जळगाव)

आधी परवाचा फोन सांगते, मग प्रश्न.

आमचं ॲप कापूस विकणाऱ्या शेतकऱ्यांसाठी आहे. नाव नोंदवायचं, जिनिंगवर गाडी कधी न्यायची तो दिवस घ्यायचा, काटापावती मोबाइलवर बघायची. काही बिघडलं की पडद्यावर येतं, ‘क्षमस्व, आपली विनंती पूर्ण होऊ शकली नाही. विनंती ओळखक्रमांक :’ आणि पुढे बत्तीस अक्षरांची माळ. हे वाक्य मीच लिहिलंय, त्यामुळे शिव्या मलाच द्या. चोपड्याकडच्या एका दादांचा फोन आला. आमच्याकडची मुलगी म्हणाली, ‘दादा, ओळखक्रमांक सांगा.’ दादांनी खिशातून कार्ड काढलं आणि आधारचे बाराच्या बारा आकडे धडाधड सांगून टाकले. तिनेही ते तक्रारीच्या रकान्यात टाइप केले. शोधून सापडणार काय, कपाळ! वर एका माणसाचा आधार नंबर विनाकारण आमच्या तक्रारवहीत येऊन पडला. तो पुसायला वेगळी खटपट.

दादांचं काही चुकलं नाही. ‘ओळख’ म्हटल्यावर माणूस स्वतःचीच ओळख देणार.

संगणकातलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ॲपमध्ये बटण दाबलं की एक रिक्वेस्ट निघते आणि सगळ्यात आधी गेटवेला येते. गेटवे म्हणजे गावाची वेस समजा, आत जायचं ते तिथूनच. तिथे तिला एक नंबर चिकटवतात, दुसऱ्या कुठल्याही रिक्वेस्टला नसलेला. मग ती शेतकरी-खात्याकडे जाते, सातबारा तपासणाऱ्याकडे जाते, बँकेकडे, शेवटी एसएमएस पाठवणाऱ्याकडे. प्रत्येक जण आपल्या लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, तोच नंबर लिहितो. रात्री अकराला काही अडलं तर तो एक नंबर शोधायचा, सगळा प्रवास ओळीने समोर येतो. नंबर नसला तर हजारो ओळी एकमेकींत मिसळलेल्या, आणि आपण बसायचं विचारत, ‘हाऊ माल कोना शे?’

मला मराठी शब्द हवाय. मागोवा क्रमांक, संदर्भ क्रमांक, विनंती क्रमांक असे सुचलेत, पण एकही जिभेवर बसत नाही.

कळण्याची_भाकरी (अमळनेर)

अगं, ‘विनंती’ तर आधी काढून टाक. विनंती नम्र असते, ती अर्जाच्या शेवटी सहीच्या वर येते. यंत्र यंत्राला विनवत नाही, मागतं. ‘मागणी’ म्हणावं तर आपल्याकडे मागणी घालतात ती मुलीला.

‘संदर्भ क्रमांक’ही चुकीच्या जागी बसतो. सरकारी पत्रात ‘संदर्भ’ म्हणजे आधी झालेल्या पत्राचा नंबर. नव्याने दारात आलेल्या कागदाला मिळतो तो आवक क्रमांक. टपाल आलं की आवक-जावकच्या टेबलावर शिक्का बसतो, त्यात तारीख आणि नंबर पेनाने भरतात, मग तो कागद कुठल्याही टेबलावर फिरो. तुझ्या वेशीवर होतं ते हेच की! शब्द तयार आहे आणि शंभरेक वर्षं वापरून गुळगुळीत झालाय.

आता ‘माग’. मार्ग, मग्ग, माग असा तो आला. माग काढणे, मागावर असणे, मागमूस, मागोवा ही सगळी त्याचीच पिलावळ. पण माग म्हणजे गेलेल्याच्या मागे जे उरतं ते : धुळीतली पावलं, चाकोरी. तुझा नंबर हा माग नव्हे. तो वहाणेच्या तळव्यातला खिळा आहे, ज्याच्यामुळे हजार पावलांतून हे पाऊल याचंच म्हणून सांगता येतं. लॉगमधल्या ओळींना खुशाल माग म्हण, नंबराला नको. शिवाय धुळ्यात कुणाला ‘माग क्रमांक सांगा’ म्हटलंस तर तो कितव्या यंत्रमागावर काम करतो ते सांगेल.

शेवभाजी (धुळ्याचा, हल्ली पुण्यात)

ताई, यंत्रमागावर हसलो, घर त्याच गल्लीत आहे. ‘आवक क्रमांक’ जवळपास पटलाच होता, पण दोन ठिकाणी अडतो.

पहिलं, आवक क्रमांक ओळीने चालतो. १ जानेवारीला पुन्हा १ पासून सुरू. दोन कचेऱ्यांत ४१२ हा नंबर एकाच दिवशी असू शकतो आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही. आमच्याकडे गेटवे एक नसतो, एकाच वेळी चार-सहा चालू असतात. प्रत्येकाने आपापली वही ठेवली तर नंबर एकमेकांवर आदळतील. सगळ्यांत मिळून एकच वही ठेवली तर तिच्यापुढे रांग लागेल. म्हणून वहीच ठेवत नाही. नंबर ओळीने न देता यदृच्छेने काढतात, आणि इतका मोठा की तोच पुन्हा निघायची भीती धरायचं कारण नाही. यूयूआयडी म्हणतात तो १२८ बिटांचा असतो, बिट म्हणजे एक ० किंवा १. त्याच्या चौथ्या आवृत्तीत १२२ बिट निव्वळ यदृच्छेचे, बाकी सहा आवृत्ती वगैरे सांगण्यात जातात. एनजिनेक्स नावाच्या, गेटवे म्हणून वापरतात त्या प्रोग्रॅममध्ये तर १.११.० आवृत्तीपासून रिक्वेस्ट आयडी आयताच मिळतो : १६ बाइट यदृच्छेचे, लिहिले की ३२ अक्षरं. तुमच्या पडद्यावरची माळ बहुधा तीच.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आवक क्रमांक कचेरीतच राहतो. कागद बाहेर पडला की त्याला जावक क्रमांक, आणि पुढच्या कचेरीत त्यांचा वेगळा आवक क्रमांक. आम्ही ज्या रोगावर औषध शोधतोय, तो हाच आहे! प्रत्येक सर्व्हिसने, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक खात्याने, आपला नवा नंबर दिला तर माग तिथेच तुटला. शब्द असा हवा की नंबर मालाबरोबर शेवटपर्यंत जातो, हे त्यातच आलं पाहिजे.

वाघीणवाला (भुसावळ, निवृत्त)

पोरांनो, हा शब्द तुमच्या दारावरून रोज जातो. बिल्टी.

मी मालधक्क्यावर नोकरी केली. रेल्वेच्या कागदावर तिला आर. आर. (रेल्वे रिसीट) म्हणायचे, बाजारात सगळे बिल्टीच म्हणत. माल कोणाचा, कुठून निघाला, कुठे जायचा, किती नग, सगळं तिच्यावर. बिल्टी दाखवल्याशिवाय माल सुटत नाही.

आता नीट ऐका. वाघिणीलाही, म्हणजे मालडब्यालाही, नंबर असतो, अकरा आकड्यांचा. पहिले दोन वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालकीची रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार तिचे स्वतःचे, आणि शेवटचा एक आधीच्या दहांची पडताळणी करणारा, म्हणजे कुणी लिहिताना आकडा चुकला की पकडला जातो. पण तो नंबर वाघिणीचा. मालाची बिल्टी वेगळी. पाचोऱ्याहून जामनेरला छोटी लाईन होती, रूळ अरुंद. मोठ्या लाईनीचा डबा तिकडे जाऊच शकत नाही, माल उतरवायचा आणि दुसऱ्या डब्यात चढवायचा. वाघीण बदलली, बिल्टी तीच. नवखे पोरगे वाघिणीचा नंबर लिहून आणायचे आणि माल हरवला म्हणून बोंब मारायचे. माल कुठला हरवतोय, तो दुसऱ्या वाघिणीत बसून पुढे गेलेला असायचा.

(इंग्रजी वॅगनची ज्याने ‘वाघीण’ केली त्याला माझा दंडवत. असं एखादं तुम्हीही करून दाखवा.)

शेवभाजी

आबा, तुम्ही आमचं आख्खं स्टँडर्ड चार ओळींत सांगितलंत!

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने २०२० मध्ये ‘ट्रेस कॉन्टेक्स्ट’ पक्कं केलं. त्यात ट्रेसपॅरेंट नावाचा ५५ अक्षरांचा एक हेडर असतो, हेडर म्हणजे रिक्वेस्टला वरून लावलेली चिठ्ठी. आधी दोन अक्षरं आवृत्तीची, मग ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी, मग १६ अक्षरांचा एक नंबर, शेवटी दोन अक्षरांची खूण, आणि मधे तीन जोडरेघा. ३२ चा नंबर पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहतो, ती बिल्टी. १६ चा दर टप्प्याला बदलतो, ती वाघीण. आणि आबांचे नवखे पोरगे आमच्याकडेही आहेत. सर्व्हरचं नाव लिहून आणतात आणि म्हणतात रिक्वेस्ट हरवली.

ट्रकवाल्यांचंही तसंच. आमच्या धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर असे दोन्ही रस्ते मिळतात, तिथे गाडी बदलणं नेहमीचं. ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीच्या सरकारी ऑनलाइन कागदाचा, बारा आकडी नंबर तोच ठेवून ‘भाग ब’मध्ये फक्त नव्या गाडीचा नंबर भरतात.

वाघीणवाला

एक विचारतो. व्यापारी घरूनच बिल्टी लिहून घेऊन आला तर तुम्ही ती मानता का? आम्ही नाही मानायचो.

शेवभाजी

आबा, इथेच पुष्कळ जण फसतात. एक्स-रिक्वेस्ट-आयडी नावाचा हेडर बाहेरचा कुणीही पाठवू शकतो, आणि बरेच गेटवे आहे तसा पुढे ढकलतात. दोघांनी एकच नंबर पाठवला की दोन प्रवास एकमेकांत विणले जातात. कुणी त्यात नवी ओळ सुरू करणारं अक्षर घुसवलं आणि लॉग लिहिणाऱ्याने तपासलं नाही, तर लॉगमध्ये घडलेलीच नाही अशी खोटी नोंद दिसते. माझा शिरस्ता असा : वेशीवर बिल्टी आपली फाडायची. ग्राहकाने आणलेला नंबर लांबी आणि अक्षरं तपासून वेगळ्या रकान्यात ठेवायचा. उत्तर परत जाताना मात्र आपला नंबर त्याच्या हातात द्यायचा.

कळण्याची_भाकरी

त्या परत देण्याला ‘पोच’ म्हणा, नवा शब्द शोधत बसू नका.

बिल्टी मला मान्य. पण खटका आहे तो असा की बिल्टी हा कागद आहे, त्यावर मालाचा तपशील असतो. तुमच्या नंबरात तपशील काहीच नाही. म्हणून ‘बिल्टी नंबर’ म्हणा, नुसतं ‘बिल्टी’ नको.

तापीकाठ

ताई, खटका बरोबर आहे, पण तो चालवून घ्यावा लागेल, कारण आमच्या खोलीत नुसतं ‘बिल्टी’ सुरूही झालंय.

बुधवारी रात्रीची गोष्ट. शेतकऱ्यांना गाडीचा दिवस मिळत होता, पण एसएमएस जात नव्हता. एकाचा नंबर घेऊन शोधला. वेशीवर आहे. शेतकरी-खात्यात आहे. दिवस देणाऱ्याकडे आहे. एसएमएसवाल्याच्या लॉगमध्ये नाही, तिथे भलताच नंबर. मधे एक रांग आहे, निरोप त्या रांगेत टाकतात आणि एसएमएसवाला सवडीने उचलतो. रांगेत टाकताना मजकूर आणि मोबाइल नंबर एवढंच टाकत होते, हेडर मागेच राहायचा. आमच्यातला एक जण पटकन बोलून गेला, ‘बिल्टी रांगेत फाटली.’ सगळ्यांना एका दमात कळलं. ‘कोरिलेशन आयडी प्रोपॅगेट होत नाहीये’ हे मी दोन वर्षं ऐकत होते आणि दर वेळी कुणाला तरी समजावून सांगत होते. एसएमएस का अडला ते मग वेगळं सापडलं, ते इथे नको.

तेव्हा आमच्या आतल्या पुस्तिकेत बिल्टी नंबर, वाघीण नंबर, पोच, आणि लॉगच्या ओळींना माग. वाघीण नंबर हा शब्द मी हट्टाने घातलाय.

पण शेतकऱ्याच्या पडद्यावर बिल्टी टाकणार नाही. त्याने आज कापूस नेलेला असेल तर त्याच्या खिशात खरी बिल्टी असू शकते आणि तो तिचाच नंबर वाचेल. ‘आवक’ही त्याच कारणाने बाद, ‘आज आवक किती’ हे तो रोज वेगळ्या अर्थाने विचारतो. आधारवरून एकदा पोळलेय. पडद्यावर लिहिलंय, ‘काम झालं नाही. या अडचणीचा नंबर :’ बस.

कळण्याची_भाकरी

‘अडचणीचा’ कसा? नंबर तर सुरळीत गेलेल्यालाही असतो ना?

तापीकाठ

असतो. पण सुरळीत गेलेल्याला तो दाखवतोच कशाला? ज्याला दिसतो त्याच्यासाठी तो अडचणीचाच.

शेवभाजी

ताई, बत्तीसच्या बत्तीस अक्षरं फोनवर वाचायला लावू नका. त्यात बी, सी, डी, ई येतात, रेंज नसली की सगळी सारखीच ऐकू येतात.

तापीकाठ

पहिली आठच दाखवतोय आता.

शेवभाजी

थांबा, यूयूआयडीची कुठली आवृत्ती वापरताय? २०२४ च्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट-मानकातली सातवी असेल तर तिची पहिली ४८ बिट म्हणजे वेळ, मिलिसेकंदात. पहिली आठ अक्षरं म्हणजे त्यातली ३२ बिट. उरलेली १६ बिट बदलत राहतात तोवर पहिली आठ तीच, म्हणजे साधारण ६५ सेकंद. सकाळी गाड्यांचे दिवस उघडल्यावर मिनिटभरात जितके शेतकरी अडकतील, सगळ्यांचा ‘अडचणीचा नंबर’ एकच!

तापीकाठ

सातवीच आहे. शेवटची आठ करायला आत्ताच सांगते.