मदत हवी आहे: कथा तिसऱ्या पानावर अडकलीय

पायताण: दिवाळी अंकाला कथा द्यायचीय. पंधरा दिवस झाले, तीन पानांवर गाडं अडलंय. रोज पहाटे उठतो, शेवटचं वाक्य वाचतो, एक शब्द खोडतो, परत झोपतो. उपाय सांगा. ‘वाचन वाढवा’ सोडून.

पांढरा रस्सा: कथा कशावर? मुदत कधीची? काहीच न सांगता औषध कसं देणार राव?

झुळूक: मी वही मिटते आणि रंकाळा तलावाला फेरी मारते. एकदा संध्यामठासमोर अख्खा शेवट सुचला होता.

तालीमवाला: फिरून काय होतंय ताई? जोर मारतात तसे रोज पाचशे शब्द काढायचे, भिकार का असेनात. वस्ताद मूड विचारत नाही.

झुळूक: वस्तादानं कथा लिहिलीय का कधी?

मोबाइलप्रेमी: बोलून टाइप करा. मराठी छान उमटतं आता.

पायताण: टायपिंगचा प्रश्नच नाही हो! गुऱ्हाळावरची कथा आहे. 2019 चा कोल्हापूरचा पूर, पाणी चढतंय, गूळ शिजवणारा गुळव्या उकळती काहील, म्हणजे रसाची ती भली मोठी कढई, सोडून हलत नाही. तो जातो की राहतो, इथं अडलोय. शनिवारी द्यायचीय.

चिखलीकर: तो पूर ऑगस्टातला. आमच्याकडं गुऱ्हाळाचं चुलवण पेटतं दसरा-दिवाळीच्या पुढं. तुमचा गुळव्या ऑगस्टात काय उकळतोय?

तालीमवाला: बारमाही गुऱ्हाळं आहेत की.

चिखलीकर: आहेत. पण महापुरात जळण कुठलं? उसाची चिपाडं भिजून लगदा. आमची शेड पत्र्यापर्यंत पाण्यात होती. आत फक्त पालथी घातलेली काहील.

पांढरा रस्सा: गुळाचा विषय निघालाच आहे तर, रसातली मळी काढायला भेंडी कोण वापरतंय आता? सगळी पावडर.

चिखलीकर: आम्ही वापरतो. या बघायला.

पायताण: थांबा थांबा. पालथी काहील. म्हणजे पाक नाहीच, तो काहिलीसाठी थांबलाय. चिखलीकर, उताणी केली तर ती पाण्यावर तरंगते का?

चिखलीकर: तरंगते म्हणजे? आमचा आज्जा काहिलीत बसूनच नदी ओलांडायचा. एका बाजूला कलू द्यायची नाही, मधोमध उकिडवं बसायचं.

पायताण: आणि दोघं बसले तर?

चिखलीकर: समोरासमोर. एक हलला की दुसऱ्यानं हलायचं नाही.

पांढरा रस्सा: पावडरीचं उत्तर राहिलंच.