मालकाच्या खांद्यावर सरकारची बंदूक: खासगी नोकरीतली लससक्ती

उंबरठा:
आधीच सांगतो, म्हणजे पहिले दहा प्रतिसाद माझी जात काढण्यात जायला नकोत: मी कोविडची लस घेतली आहे, बूस्टरही घेतलाय. तरीही अमेरिकेत २०२१ साली खासगी कंपन्यांवर जी लससक्ती आणली ती मला तेव्हा पटली नव्हती आणि आजही पटत नाही. पुढची साथ आली की हाच वाद पुन्हा उकरला जाणार. तेव्हा डोकी थंड आहेत तोवर बोलून घेऊ.

काय घडलं ते थोडक्यात. ९ सप्टेंबर २०२१ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी घोषणा केली. कामगारांची सुरक्षा पाहणाऱ्या 'ओशा' या केंद्रीय यंत्रणेचा तातडीचा नियम ५ नोव्हेंबरला आला. १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने लस सक्तीची करायची, नाहीतर लस न घेतलेल्यांना दर आठवड्याला चाचणी आणि कामावर मास्क. सुमारे ८ कोटी ४० लाख कामगार या जाळ्यात येत होते. नियम मोडला तर एका उल्लंघनाला १३,६५३ डॉलरपर्यंत दंड, आणि तो कंपनीला. १३ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी स्थगिती दिली. त्याच महिन्यात ओशाने नियम गुंडाळला.

माझं म्हणणं एवढंच: सरकारला सक्ती हवी होती तर काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकेच्या संसदेत) कायदा आणायचा, मतं मागायची, निवडणुकीत किंमत मोजायची. ते अवघड होतं. मग १९७० चा कामगार सुरक्षा कायदा बाहेर काढला आणि बंदूक मालकाच्या खांद्यावर ठेवली. हेल्मेट पाळी संपली की काढून ठेवता येतं. लस काढून ठेवता येत नाही. हा मुद्दा निकालातही आहे.

भिंगरी:
असहमत, आणि बऱ्यापैकी जोरात असहमत.

'मालकाच्या खांद्यावर' म्हणे! कामगार सुरक्षेचा कुठला नियम मालकाच्या खांद्यावर नसतो? यंत्राला जाळी मालकच लावतो, आगीचा दरवाजाही मालकच उघडा ठेवतो. सरकार काही प्रत्येक कारखान्यात पहारेकरी बसवत नाही.

दुसरं, घरून काम करणारे या नियमातून वगळले होते. पूर्ण वेळ उघड्यावर काम करणारेही. म्हणजे नियम होता बंद जागेत एकमेकांच्या श्वासात उभ्या राहणाऱ्यांसाठी. मांस कापायच्या कारखान्यात खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात. २०२० मध्ये तिथे साथ कशी पसरली ते जगाने पाहिलं. तिथल्या बाईला 'शेजारच्याने लस घेतली नाही, तर तू नोकरी सोड' असं सांगणार का? स्वातंत्र्य शेजारच्याचं, आणि घरी म्हाताऱ्या आईकडे आजार घेऊन जायचा हिने.

आणि कामावरची लस ही काय नवलाई नाही. रक्ताशी संबंध येणाऱ्या कामगारांसाठी ओशाचा १९९१ चा नियम आहे, त्यात हिपॅटायटिस बीची लस येते.

उंबरठा:
भिंगरीताई, हे उदाहरण तुम्ही माझ्याच ताटात वाढलंत. त्या नियमात मालकाने लस *फुकट देऊ करायची* असते. कामगाराला नको असेल तर तो कागदावर सही करून नाही म्हणू शकतो. असाच नियम कोविडसाठी काढला असता तर मी हा धागाच काढला नसता.

भिंगरी:
हिपॅटायटिस बी शेजारी उभं राहून होत नाही हो. तिथे नकार देणारा स्वतःचा जीव धोक्यात घालतो, इथे दुसऱ्याचा. सगळा फरक तिथेच आहे.

तिरपागडा:
दोघंही चालू द्या, पण एक गंमत कुणीच काढली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेक्सासच्या राज्यपालांनी आदेश काढला की खासगी कंपनीनेसुद्धा लससक्ती करायची नाही. माँटाना राज्याने तर मे महिन्यातच कायदा केला होता. म्हणजे 'सरकारने खासगी धंद्यात नाक खुपसू नये' म्हणणारेच मालकाला सांगत होते की तुझ्या कारखान्यात तू काय नियम करायचा ते आम्ही ठरवणार. इथेही बंदूक मालकाच्याच खांद्यावर, फक्त नळी उलटी.

उंबरठाशेठ, याच्याही विरोधात आहात ना? की फक्त बायडेनच्या?

उंबरठा:
विरोधात आहे. टायसन फूड्स या मांसाच्या कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःहून सक्ती केली, तेव्हा तिथल्या निम्म्याहून कमी लोकांनी लस घेतलेली होती. ऑक्टोबर संपेपर्यंत ९६ टक्क्यांवर गेले. युनियनशी बोलून, भरपगारी आजारपणाची रजा कबूल करून केलं. मालक आणि कामगार यांच्यातला व्यवहार आहे, ठीक आहे. त्यात ना वॉशिंग्टनने पडावं ना टेक्सासने.

रात्रपाळी:
वाचनमात्र असतो, पण यावर लिहायलाच हवं.

त्या दिवसांत मी एका मध्यम कंपनीच्या मनुष्यबळ विभागात होतो. कागदावर नियम दोन ओळींचा होता. प्रत्यक्षात? लसीची कार्डं गोळा करा, ती खरी की खोटी ते बघा, यादी ठेवा, ती गुप्तही ठेवा. नोव्हेंबरमध्ये एका कोर्टाने स्थगिती दिली, आम्ही हुश्श केलं. १७ डिसेंबरला दुसऱ्या कोर्टाने ती उठवली, आम्ही परत कामाला. नाताळच्या सुट्टीत फाइली. जानेवारीत सुप्रीम कोर्ट, सगळं केराच्या टोपलीत.

पण मला त्रास कशाचा झाला ते वेगळंच आहे. लस घ्यायला चार तासांपर्यंत भरपगारी वेळ द्यायचा, हे नियमात होतं. चाचणीचा खर्च मात्र मालकाने द्यायचं बंधन नव्हतं. आमच्या वरच्यांनी लगेच ठरवलं, कामगाराने स्वतः करावी. ताशी पगारावर काम करणारा माणूस दर आठवड्याला पदरचे पैसे घालून चाचणी करणार? तो लसच घेणार. म्हणजे नाव 'पर्याय', आणि पर्याय फक्त पैसेवाल्याला. एक जण माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, मला लसीची भीती नाही, तुम्ही मला कोंडीत पकडता त्याचा राग आहे. दुसऱ्या आठवड्यात घेतली त्याने लस. राग गेला नाही.

भिंगरी:
हे मान्य. चाचणी फुकट असायला हवी होती. नियमातली सगळ्यात कच्ची वीट तीच.

गणिती_खोडकर:
ओशाचा स्वतःचा अंदाज होता: सहा महिन्यांत ६,५०० हून जास्त जीव वाचतील, अडीच लाखांहून जास्त लोकांचं इस्पितळ टळेल. अंदाजच, पण सरकारी आकडा म्हणून लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. हा अंदाज विषाणूच्या डेल्टा प्रकाराच्या काळातला. २६ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचं बारसं केलं आणि दोन डोस घेतलेलेही धडाधड पॉझिटिव्ह यायला लागले. गंभीर आजारापासून लस वाचवत होतीच, पण 'मी घेतली म्हणजे शेजारी सुरक्षित' हा भिंगरी यांचा खांब बराच पोखरला गेला. साथीत विषाणू महिन्यात बदलतो आणि नियम कोर्टात दोन-अडीच महिने लोळतो.

कलमकसाई:
कायद्याचं थोडं. 'सरकारला लससक्ती करताच येत नाही' असं त्या निकालात *नाही*. १९०५ मध्ये जेकबसन खटल्यात याच कोर्टाने देवीच्या लसीची सक्ती उचलून धरली होती. दंड होता ५ डॉलर. फक्त तो राज्याचा कायदा होता. २०२२ मध्ये बहुमताचं म्हणणं असं, की कोविड घरी, शाळेत, मैदानावर सगळीकडेच होतो, तेव्हा तो *कामाचा* धोका नाही आणि ओशाचा अधिकार कामाच्या धोक्यापुरताच.

त्याच दिवशी त्याच कोर्टाने सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या आरोग्यसंस्थांतल्या कर्मचाऱ्यांची सक्ती ५ विरुद्ध ४ ने चालू ठेवली. आणि मला सगळ्यात रोचक वाटलं ते हे: न्या. गॉर्सच यांनी सहमतीच्या टिपणात प्रश्न टाकला, हे ठरवणार कोण? विरोधी मत देणाऱ्या तिघांनीही तोच प्रश्न टाकला. एकांनी उत्तर दिलं लोकप्रतिनिधी, दुसऱ्यांनी दिलं त्या विषयातली यंत्रणा.

तिरपागडा:
आणि ठरलं काय, तर न्यायाधीश! 😀

अवांतर: भारताच्या सुप्रीम कोर्टाने २ मे २०२२ ला म्हटलं की कुणाला जबरदस्तीने लस देता येणार नाही, पण सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार प्रमाणात निर्बंध घालू शकतं. 'प्रमाणात' या शब्दावर अजून दहा धागे निघतील.

भिंगरी:
उंबरठा, सरळ विचारते. चाचणी फुकट, लसीनंतर ताप आला तर भरपगारी रजा, नकार द्यायचा तर सही आणि मास्क, आणि हे सगळं काँग्रेसने रीतसर मंजूर केलेलं. मग पाठिंबा द्याल?

उंबरठा:
देईन. कुरकुरत देईन. पण ती काँग्रेस हे मंजूर करेल असं तुम्हाला वाटतं का?

भिंगरी:
नाही. म्हणूनच तर ओशाकडे जावं लागलं.