विहिरींच्या पाणीपातळीचा आलेख ग्रामसभेत कसा दाखवावा? सल्ला हवा

माणगंगाकाठ:

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं आमचं गाव. आम्ही पाच जण गेली चार वर्षं गावातल्या नऊ विहिरींची पाणीपातळी मोजतोय. दर महिन्याच्या १ तारखेला टेप सोडायची आणि वहीत आकडा लिहायचा. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे, त्याची नोंद रोज सकाळी साडेआठला होते.

मागच्या ग्रामसभेत मी एक्सेलमध्ये रेषालेख काढून प्रोजेक्टरवर दाखवला. उभ्या अक्षावर जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर, फुटांत. रेघ डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. मागून एक आजोबा म्हणाले, "वा, पाणी वाढलंय की!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर पाणी खाली गेलं होतं. मी समजावून सांगायला लागलो, पण तोवर लोकांचं लक्ष उडालं होतं. पुढच्याच विषयात नव्या बोअरची मागणी आली आणि मंजूरही झाली. आकडे खरे होते, तरी चित्राने उलटंच सांगितलं. ते मनाला फार लागलं.

आता २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत रब्बीचं ठरणार आहे. तेव्हा तरी चित्र नीट हवं. प्रश्न असे:
पातळीसाठी कोणता आलेख घ्यावा? पाऊस आणि पातळी एकाच चित्रात दाखवावी का? कोणत्या पिकाला किती पाणी लागतं याचा आठ तुकड्यांचा वृत्तालेख केलाय, तो चालेल का? फ्लेक्स एकच होईल, बाकी घरोघरी झेरॉक्स वाटायची आहे.

रेवा_भूजल:

दादा, आधी अक्ष उलटा करा. शून्य वर ठेवा, म्हणजे जमीन वर आली. पाणी जसं खोल जाईल तशी रेघ खाली जाईल. एक्सेलमध्ये उभ्या अक्षावर डबल क्लिक करून 'व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर'वर खूण करा. अक्ष उलटला की महिन्यांची नावं उडी मारून वर जातात. ती तिथेच राहू द्या, जमिनीच्या रेषेवर शोभतात.

पण चित्राच्या आधी वही तपासा. दोन चुका मी जवळजवळ प्रत्येक गावच्या वहीत पाहिल्यात. पहिली कठड्याची. टेप कठड्यावरून सोडतात, तेव्हा कठड्याची उंची वजा करायला हवी. ती प्रत्येक विहिरीची वेगळी असते. दुसरी चूक जास्त घातक आहे. विहीर कोरडी पडली की वहीत ० लिहितात. खोलीच्या आलेखात ० म्हणजे पाणी जमिनीला टेकलं! मे महिन्यात रेघ अचानक आभाळाकडे उडी मारत असेल तर कारण हेच समजा. तिथे रेघ तुटू द्या आणि तळाशी 'कोरडी' असं लिहा. एक्सेल रिकाम्या रकान्याचं काय करतं तेही बघून घ्या. रेघ तोडणं, शून्य धरणं आणि पुढचा बिंदू जोडणं असे तीन पर्याय असतात. तुम्हाला तोडणं हवंय.

आकडेचित्रे:

मी वर्तमानपत्रासाठी आलेख काढतो. रेवाताईंचं म्हणणं पटतं, फक्त एक इशारा देतो. उलट्या अक्षाने मोठा घोळ झाल्याचं उदाहरण आहे. २०१४ साली रॉयटर्स या वृत्तसंस्थेने अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात बंदुकीने झालेल्या खुनांचा आलेख असाच वरून खाली काढला होता. वरून लाल रंग ओघळत येतोय, रक्तासारखा, अशी ती कल्पना. २००५ साली तिथे स्वसंरक्षणाचा नवा कायदा आला, त्यानंतर खून वाढले. पण बघणाऱ्यांना लाल भाग पार्श्वभूमीसारखा वाटला आणि खालचा पांढरा भाग हाच आलेख वाटला. वाढ झालेली असताना असंख्य लोकांनी घट झाली असं वाचलं.

यातून तुमच्या कामाचं एवढंच. ज्या भागात रंग भरलेला असतो त्यालाच डोळा 'वस्तू' मानतो. तुमच्याकडे ती वस्तू पाणी आहे, म्हणून निळा रंग रेघेच्या खाली हवा. उलट्या अक्षावर एक्सेलचा क्षेत्रालेख (एरिया चार्ट) नेमका वरचा, म्हणजे विहिरीचा रिकामा भाग रंगवतो. मग असं करा. मागच्या पूर्ण चौकटीला निळा रंग द्या आणि क्षेत्राला पांढरा. अक्षाची शेवटची मर्यादा विहिरीच्या तळाएवढी ठेवा. वर जमिनीचा तपकिरी पट्टा. झालं, विहीर उभी चिरल्यासारखं चित्र तयार. त्या आजोबांना अक्ष वाचावाच लागणार नाही, विहिरीत डोकावायची सवय त्यांना आयुष्यभराची आहे.

माणगंगाकाठ:

विहीर चिरल्यासारखं! हे डोक्यात आलंच नव्हतं. रेवाताई, वही काढून बघितली. दोन विहिरींना मे महिन्यात चक्क ० लिहिलंय. आणि मी नऊही विहिरींची सरासरी काढली होती, म्हणजे ती शून्यं त्यातही मिसळली. आता सरासरी नीट काढून एकच चित्र करू का?

रेवा_भूजल:

सरासरी नकोच. ओढ्याकाठची विहीर आणि माळावरची विहीर यांची सरासरी ही गावात कुठेच नसलेली विहीर असते. नऊ रेघा एकाच चौकटीतही नकोत, त्याचा गुंता होतो. नऊ छोटी चित्रं करा, तीन ओळींत तीन-तीन. सगळ्यांचं माप एकच ठेवा. प्रत्येकावर विहिरीचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव लिहा आणि ओढ्याच्या वरच्या अंगापासून खालच्या अंगापर्यंत क्रम लावा. माणूस आधी स्वतःची विहीर शोधतो, मग शेजाऱ्याची.

आणि तुलना मेची मेशी, ऑक्टोबरची ऑक्टोबरशी. पावसाळ्यानंतर पाणी वर येणारच, त्यावरून सुधारणा ठरत नाही. फ्लेक्सवर जागा कमी पडली तर प्रत्येक विहिरीचे फक्त चार मे आणि चार ऑक्टोबर दाखवा.

गणिताचे_सर:

वृत्तालेखाविषयी. दहावीला आम्ही तो शिकवतो, कोनमापकाने काढूनही घेतो. तरीही तुमच्या कामाला तो नको. १९८४ साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी लोक आलेखातून प्रमाण कितपत अचूक ओळखतात याचे प्रयोग प्रसिद्ध केले. एका समान रेषेवरून मोजलेली जागा आणि लांबी यांचा अंदाज कोनापेक्षा चांगला येतो, असं त्यात दिसलं. आठ तुकड्यांच्या वृत्तालेखात गव्हाचा तुकडा मोठा की कांद्याचा, हे लोक नुसत्या अंदाजाने ओळखू पाहतील. शिवाय झेरॉक्समध्ये आठही रंग करडे होतात.

मुळात वृत्तालेख एका पूर्णाचे भाग दाखवतो. एकरी ज्वारीला किती पाणी आणि उसाला किती, हे कुठल्या पूर्णाचे भाग आहेत? कुठल्याच नाहीत. हे शेजारीशेजारी ठेवायचे आकडे आहेत. आडवा स्तंभालेख घ्या, सर्वांत तहानलेलं पीक वर, सर्वांत कमी पाण्याचं खाली. आडवा अशासाठी की पिकाचं नाव सरळ लिहिता येतं, मान तिरकी करावी लागत नाही. स्तंभ शून्यापासूनच सुरू करा. रेघेला शून्य नसलं तर एक वेळ चालतं. स्तंभाची मात्र लांबीच बोलते, ती कापली की आलेख खोटा ठरतो.

कोरडवाहू:

मी शेतकरी, आलेखातलं फार कळत नाही. पण मिलिमीटर हे माप सभेत कुणाच्या मनात उतरत नाही, हे खात्रीने सांगतो. एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर, हा हिशेब मला कळला तेव्हा डोळे उघडले. म्हणजे एक टँकर. हिवरे बाजारला दर वर्षी पावसावरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. तसं टँकरचं चित्र काढून दाखवा.

आकडेचित्रे:

दादा, टँकरची कल्पना फार चांगली आहे. काढताना एवढंच बघा की दुप्पट पाण्यासाठी दुप्पट उंचीचा टँकर काढायचा नाही. उंची दुप्पट केली की रुंदीही दुप्पट होते आणि चित्र चौपट जागा व्यापतं. त्याच मापाचे दोन टँकर शेजारी काढायचे.

गणिताचे_सर:

आणि ताळेबंद मांडताना घाई नको. हजार हेक्टर शिवारावर ५०० मिमी पाऊस म्हणजे ५०० कोटी लिटर. हा आकडा एकटा दाखवला तर पाणी मुबलक आहे असंच वाटेल. त्यातलं बरंच वाफ होऊन जातं, बरंच ओढ्याने वाहून जातं. इथे मात्र एक पूर्ण आणि त्याचे भाग आहेत, तेव्हा विभाजित स्तंभालेख, म्हणजे एकाच स्तंभाचे भाग पाडलेला आलेख, काढा. तुमच्या गावाचा अंदाज भूजल खात्याच्या माणसाकडून घ्या, मनाने भरू नका.

माणगंगाकाठ:

सर, वृत्तालेख काढून टाकला. आता शेवटचा प्रश्न पावसाचा. डावीकडे मिमी आणि उजवीकडे फूट असे दोन अक्ष ठेवून पाऊस आणि पातळी एकावर एक घेऊ का?

रेवा_भूजल:

नको. दोन अक्षांचं माप आपण ठरवू तसं ताणता येतं, आणि रेघा कुठे छेदतात त्याला लोक अर्थ चिकटवतात. एकाखाली एक दोन चित्रं ठेवा, महिने एकाच उभ्या ओळीत. वरच्या चित्रात पावसाचे स्तंभ वरून खाली लोंबणारे, खालच्यात तुमची विहीर. जलविज्ञानात पाऊस असा वरून टांगायची पद्धत जुनीच आहे. इथे ती जास्तच शोभते, वर आभाळ, मध्ये जमीन, खाली पाणी. पाऊस पडल्यावर किती महिन्यांनी कोणती विहीर उठते, हे डोळ्यांना आपोआप दिसतं. माळावरची उशिरा उठेल.

आकडेचित्रे:

झेरॉक्ससाठी वेगळी प्रत करा. रंगांऐवजी गडद करडा आणि पांढरा एवढंच, नावं रेघेच्या टोकाशी लिहिलेली. कोपऱ्यात रंगांची यादी नको. आकडे देवनागरीत. आणि वर 'पाणीपातळी आलेख' असं न लिहिता जे दिसतंय ते लिहा, उदाहरणार्थ 'चार वर्षांत नऊपैकी इतक्या विहिरी मे महिन्यात कोरड्या'. तो आकडा वही दुरुस्त करून मगच भरा.

माणगंगाकाठ:

आज दुपारी तिघे बसून वही दुरुस्त केली, सगळ्या कठड्यांची उंचीही मोजून आणली. सर्वांत उंच कठडा पावणेचार फूट निघाला, म्हणजे त्या विहिरीचं पाणी आम्ही चार वर्षं तेवढं जास्त खोल लिहीत होतो. पहिलं चित्र काढून आईला दाखवलं, काहीच सांगितलं नाही. तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही आपली, आणि ह्या वर्षी इथं तळ दिसला होता." फ्लेक्स टाकायच्या आधी नऊ चित्रं इथे लावतो, नजर टाका.

कोरडवाहू:

लावा. आणि फ्लेक्स सभेनंतर गुंडाळून ठेवू नका, पंचायतीच्या बाहेरच्या भिंतीवर राहू द्या. दर १ तारखेला तिथेच खडूने नवा आकडा लिहिता येईल एवढी जागा खाली मोकळी सोडा.