विसावा माणूस घ्यावा का?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर
चोवीस माग आहेत, कामगार १८, त्यात कांडी भरणाऱ्या तीन बायका. एक गिऱ्हाईक मागं लागलंय, आठ मागांवर रात्रपाळी काढा म्हणून. चार माणसं लागतील. पण २० झाले की पीएफ. पगार १५ हजार धरला तर मालकाचे १२ टक्के, माणशी १८००. बावीस जणांचे महिन्याला ३९,६००. वडील म्हणतात, एकोणीसवर थांब. कामगार कायद्यामुळं रोजगार वाढत नाही, हे पेपरात वाचत होतो. आता तो अडवून बसलेला माणूस मीच की काय? तुम्ही काय केलं?

जुना मुनीम
आमच्या मालकानं मधे भिंत घातली. विजेचे दोन मीटर, दोन पाट्या, एक बायकोच्या नावावर. माग बघणारा जोबर मात्र एकच, सूतही एकाच गोदामातलं. पीएफवाल्यांनी दोन्ही हजेरीवह्या शेजारी ठेवल्या आणि एकच आस्थापना धरली. मागची वसुली, व्याज, दंड. भिंतीचा खर्च वेगळाच.
आणि एकदा लागू झाला की पुढं माणसं कमी झाली तरी सुटत नाही. विसाची भीती खरी त्याची आहे.
ता. क. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, दहालाच लागतो. भरताय ना?

नुसताच वाचक
कामगार काढायला सरकारची परवानगी, ती अट १०० कामगारांची होती, नव्या कामगार संहितेत ३०० झाली. पेपरातली भांडणं त्यावर. तुमच्या चोवीस मागांना त्याचं काय? सुताचा भाव आणि लाईट बिल बघा आधी.

विडी घरकुलची
माझे वडील तीस वर्षं मागावर. आता मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि हातात पीएफचा एक रुपया नाही. भाऊ माग शिकलाच नाही, पुण्याला कंपनीत गेला. तिथं पीएफ कापतात, हे स्थळ बघायला आलेल्यांना आई आधी सांगते. तुम्ही घ्यावा का विचारताय. चार माणसं येतायत का, ते सांगा की.

टॉवेलवाला
मुनीमजी, ईएसआय भरतो, पण सगळ्यांचा नाही. इथं लिहायला नको होतं.
ताई, बोर्ड लावून तीन आठवडे झाले, काल एक जण आला. पन्नाशीचा, हात चांगला आहे म्हणतो जोबर. पीएफचं त्यानं विचारलं नाही. उचल किती देता, एवढंच. २५ हजार मागितले. १८०० ला नको म्हणणाऱ्या वडिलांनी कपाटातून काढून दिले.
आता एकोणीस झालो.