ढोलीतल्या पिंगळ्याचे फोटो मऊ (धूसर) येतात

शिवारकर:
शिरूर तालुक्यात बांधावरच्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची जोडी आहे. क्रॉप (लहान) सेन्सरचा कॅमेरा, १५०-६०० मिमी झूम लेन्स, अंतर अंदाजे १५ मीटर. दिवस मावळल्यावर जोडी बाहेर येते, पण शटर १/५०० सेकंद ठेवला की आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १२८०० वर जातो आणि फोटोत दाणे दिसतात. दुपारी काढले तर कडा विरघळल्यासारख्या दिसतात. जवळ जाऊ का? टॉर्च चालेल?

रानवाट:
जवळ कशाला? पिंगळा जेमतेम २१ सेंटिमीटरचा. १५ मीटरवरून ६०० ला तो फ्रेमची निम्म्याहून जास्त उंची भरतो.

बसलेल्या पक्ष्याला १/५०० लागत नाही. १/१२५ वर या, आयएसओ ३२०० वर उतरेल. फक्त लेन्सला टेकू हवा. कापडी पिशवीत दोनेक किलो तांदूळ सैलसर भरा, गच्च भरलीत तर लेन्स रुतत नाही. गाडीच्या खिडकीवर ठेवणार असाल तर इंजिन बंद. पाचसहा फ्रेम सलग घ्या. बटण दाबतानाचा हिसका पहिल्या फ्रेमला बसतो, मधल्या धारदार निघतात. मान वळवून तो क्षणभर थिजतो, तेव्हाच दाबायचं.

दुपारचा मऊपणा लेन्सचा नाही, नांगरटीवरून उठणाऱ्या गरम हवेचा आहे. त्यावर सेटिंगमध्ये इलाज नाही. उन्हाळ्यात सकाळी साडेआठच्या आत उरका.

बांधावरची:
टॉर्च नको, फ्लॅशही नको. मोबाईलवर पिंगळ्याचा आवाज वाजवायचा तर अजिबात नाही. हद्दीत दुसरा पिंगळा घुसला असं समजून तो शिकार सोडून भांडायला येतो.

त्याने डोकं खालीवर करायला सुरुवात केली की जागीच थांबा, तो तुम्हाला जोखतोय. दिवसा उठवलात तर कावळे-कोतवाल मागे लागतात. फेब्रुवारी ते एप्रिल ढोलीत पिल्लं असू शकतात. चोचीत किडा धरून तारेवर बसलाय आणि ढोलीत शिरत नाही, म्हणजे अडचण तुमची आहे. मागे सरका.

मोटारसायकलवरच बसून राहिलात तर पुष्कळदा तो दुर्लक्ष करतो. पायी गेलेल्या माणसाला मात्र लगेच बिचकतो.

खांबावरचा:
अंधार पडल्यावर ग्रामपंचायतीच्या दिव्याखाली बघा, किड्यांवर येतात. एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटरने आडवे पट्टे पडतात. मेकॅनिकल ठेवा आणि १/५० किंवा १/१००, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये) काढा, रंग नंतर सुधारता येतो.

आणि फोटो टाकताना गाव, झाड, जीपीएस काही नको. दिवाळीच्या सुमारास घुबडं पकडणारे फिरतात.

शिवारकर:
तारेवर बसला की मागे आभाळ, आणि पक्षी काळाकुट्ट. त्याचं काय?

रानवाट:
एक्सपोजर (फोटोचा उजेड) +१ करा, आभाळ पांढरं पडू दे. ढोलीच्या तोंडाशी बसला की उलट, -०.७. मागचा काळोख बघून कॅमेरा फसतो आणि भुवईची पांढरी पिसं जळतात.