मदत हवी आहे: जिओथर्मल हीट पंपासाठी थर्मोस्टॅट कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे जमिनीतली ऊब खेचून घर गरम करणारा जिओथर्मल हीट पंप आहे. कॉम्प्रेसर दोन टप्प्यांचा, शिवाय जोडीला विजेची हीटिंग कॉइल. जुन्या थर्मोस्टॅटचा डिस्प्ले इतका पुसट झालाय की आकडे वाचायला टॉर्च धरावा लागतो, म्हणून बदलायचाच आहे.

खरी अडचण वेगळीच. रात्री तापमान ३-४ अंशांनी उतरवलं की पहाटे ते वर आणायला एकटा पंप पुरत नाही. लगेच कॉइल सुरू होते आणि रात्रभर वाचवलेली वीज सकाळी फस्त! म्हणून कॉइल किती वेळाने लागावी हे आपल्याला ठरवता येईल असा थर्मोस्टॅट हवाय. मोबाइलवरून चालला तर उत्तम, नाही तरी माझं काही अडत नाही.

झाकण उघडून पाहिलं. आर, जी, वाय-१, वाय-२, ओ आणि डब्ल्यू अशा वायरी आहेत, सी वायर (थर्मोस्टॅटला सतत वीज मिळायला लागते ती) मात्र नाही. नवी वायर ओढावी, की २४ व्होल्टच्या अडॅप्टरवर भागेल? आणि ओ/बी सेटिंग (पंप गरम करणार की गार, हे बदलणाऱ्या व्हॉल्व्हचं) उलटं पडलं तर गरम लावल्यावर गारच हवा येते म्हणे. ते आधी कसं तपासायचं? कोणी स्वतः बसवलाय का?