सीई खूण नेमकं काय सांगते?
‘युरोपात आधी तपासणी मग विक्री, अमेरिकेत आधी विक्री मग कोर्टकचेरी’ असं म्हटलं जातं. ढोबळमानाने ठीक, पण खेळण्यांच्या बाबतीत चित्र बरंचसं उलटं आहे. खोक्यावर ‘सीई’ (CE, म्हणजे वस्तू युरोपीय संघाचे नियम पाळते असं सांगणारी खूण) दिसलं की कुणीतरी तिऱ्हाईताने वस्तू तपासली असं आपण धरून चालतो. तसं असेलच असं नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या खेळण्यांविषयीच्या निर्देशानुसार, लागू असलेली सगळी मानकं पाळली असतील तर उत्पादक स्वतःच तपासून, स्वतःच जाहीर करून ती खूण छापू शकतो. अमेरिकेत मात्र २००७ मध्ये रंगात शिसं सापडलेली खेळणी लाखोंनी परत मागवावी लागली आणि पुढच्याच वर्षी कायदा आला: १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या बहुतेक वस्तूंना मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची. दुधाने तोंड पोळल्यावर फुंकून प्यायलेलं ताक, दुसरं काय!

गंमत म्हणजे घशात अडकेल असा तुकडा ओळखायचं साधन दोन्हीकडे तेच. तिरक्या तळाची, जेमतेम ३१.७ मिमी व्यासाची एक नळी. सुटा भाग न दाबता तिच्यात पूर्ण मावला की ते खेळणं तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बाद. ‘सीई’ बघून मी तरी आता निर्धास्त होत नाही. खाली उत्पादकाचं नाव-पत्ता शोधतो. तो छापणं युरोपात बंधनकारक आहे, त्यामुळे खूण आहे पण पत्ता नाही असं दिसलं की खोकं परत फडताळावर.